अजिंठ्याचीं चित्रें आणि कॅमेऱ्याचा डोळा

फोटो खोटें बोलत नाहीं, असा एक समज सुशिक्षित लोकांत दृढ झालेला आहे. चित्रकार आपल्या आवडीनिवडीप्रमाणें रंग गडद करील, रेषा वळवील, नको तें गाळील. पण कॅमेरा पडला निर्जीव यंत्र, त्याला ना राग ना लोभ. समोर जें असेल तेंच तो उतरून घेणार, असें आपण गृहीत धरून चालतों. न्यायालयांत, वर्तमानपत्रांत आणि इतिहाससंशोधनांत फोटोला जें प्रामाण्य मिळालें आहे तें बव्हंशीं या गृहीतावरच उभें आहे. उजेडाच्या बाबतींत हा समज कितपत टिकतो याची परीक्षा घ्यावयाची असेल तर महाराष्ट्रांत त्यास एक फार उत्तम ठिकाण आहे. तें म्हणजे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या शहरापासून सुमारें १०० किलोमीटरवर असलेलीं अजिंठ्याचीं लेणीं.

या लेण्यांच्या अंधारांतून तेथील चित्रें बाहेर आणण्याचा उद्योग १८४४ पासून आजतागायत चालू आहे. कुंचला, ओल्या कांचेचा फोटो, रंगीत छपाई, फिल्म आणि आतां संगणक, अशीं साधनें बदलत गेलीं. आणि प्रत्येक पिढीला वाटत आलें कीं, खरा अजिंठा तो आपल्याच हातीं लागला. हा इतिहास बहुधा कलेच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. येथें तो उजेडाचा इतिहास म्हणून सांगावयाचा आहे. मूळ चित्रें क्षीण होत आहेत, हातानें केलेल्या प्रतींचे मोठे संग्रह आगींत गेले आहेत, आणि पुढील पिढ्यांना अजिंठा म्हणून जें कांहीं कळेल तें मुख्यतः कॅमेऱ्याच्या तोंडून कळणार आहे. साक्ष घेण्यापूर्वीं साक्षीदाराची प्रकृति ओळखावी, हा न्याय येथेंहि लागू आहे.

हीं लेणीं वाघोरा नदीच्या काठीं, घोड्याच्या नालासारख्या वळणावर, सुमारें ७६ मीटर उंचीच्या उभ्या कड्यांत कोरलेलीं आहेत. त्यांतील जुनीं लेणीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या-पहिल्या शतकांतलीं. नवीं, ज्यांत बहुतेक प्रसिद्ध चित्रें आहेत तीं, इसवी सनाच्या पांचव्या शतकांतलीं, वाकाटक नृपति हरिषेण याच्या वेळचीं. भोंवतालच्या गांवकऱ्यांना तीं ठाऊक होतींच. पण २८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रासच्या घोडदळांतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी तेथें पोंचला आणि तेव्हांपासून बाहेरच्या जगांत त्यांची वार्ता पसरली. चित्रांचा मुख्य ठेवा १, २, १६ व १७ या क्रमांकांच्या लेण्यांत आहे. प्राचीनतर अवशेष ९ व १० मध्यें आहेत. चित्रें मातीच्या गिलाव्यावर, वरून दिलेल्या पातळ पांढऱ्या लेपावर काढलेलीं आहेत. रंगहि साधे आहेत : तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि दूरच्या अफगाण मुलखांतून आलेला लाजवर्दी निळा. एका निळ्याचा अपवाद सोडला तर हें सारें येथल्याच मातीचें वैभव आहे.

भर दुपारीं पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत जो पाऊल टाकतो त्याला प्रथम जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. उजेड येतो तो पुढच्या दारांतून व खिडक्यांतून. मागील भिंतीपर्यंत त्याचा केवळ उच्छिष्ट अंश पोंचतो. कांहीं वेळानें खांब दिसूं लागतात, मग छतावरील वेलबुट्टी, मग भिंतीवरील माणसें, आणि अखेरीस गाभाऱ्याच्या डाव्या अंगास हातीं कमळ घेऊन उभा असलेला बोधिसत्त्व पद्मपाणि. या अवधींत लेण्यांतला उजेड मुळींच वाढलेला नसतो; बदललेला असतो तो पाहणाऱ्याचा डोळा.

डोळा बदलतो म्हणजे काय होतें, हें थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. डोळ्याची बाहुली भर उन्हांत सुमारें २ मिलिमीटर रुंद असते व अंधारांत ती ८ मिलिमीटरपर्यंत उघडते. रुंदी चौपट झाली म्हणजे क्षेत्र सोळापट होतें, अर्थात् आंत शिरणारा उजेड फार तर सोळापट वाढतो. परंतु दुपारच्या उन्हाचा उजेड मोजमापाच्या भाषेंत सुमारें १,००,००० लक्स भरतो, आणि पौर्णिमेच्या चांदण्याचा अवघा पाव लक्स. हें चार लाख पटींचें अंतर बाहुलीच्या सोळापटींनीं भरून निघणें शक्य नाहीं. तरी आपण उन्हांतहि वावरतों आणि चांदण्यांतहि वाट काढतों. खरें काम नेत्रपटलावर चालतें. तेथें शंकूच्या आकाराच्या पन्नास-साठ लाख पेशी आहेत. त्या रंग ओळखतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दांडीच्या आकाराच्या सुमारें दहा कोटि पेशी आहेत. त्यांना रंग कळत नाहीं, पण अंधुक प्रकाश टिपण्यांत त्या अत्यंत तरबेज असतात. उन्हानें पेशींमधील प्रकाशग्राही द्रव्य विटून गेलेलें असतें. अंधारांत तें हळूहळू पुन्हां तयार होतें. शंकुपेशींना सरावण्यास सुमारें दहा मिनिटें पुरतात. दंडपेशींना अर्धा तास किंवा अधिक लागतो. आपण ज्याला ‘डोळे अंधाराला सरावणें’ म्हणतों तें हेंच.

शिवाय डोळा उजेडाचा हिशेब बेरजेनें ठेवीत नाहीं. एका समईच्या खोलींत दुसरी समई लावली तर खोली उजळल्यासारखी वाटते. शंभर समयांच्या सभामंडपांत तीच एक समई आणून ठेवली तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. आपल्या भाषेनें ‘सूर्यापुढें काजवा’ या दोन शब्दांत हा नियम केव्हांच सांगून ठेवला आहे. १८६० सालीं जर्मन शास्त्रज्ञ फेक्नर यानें त्याला गणिताचें रूप दिलें. उजेड ज्या प्रमाणांत वाढतो त्या प्रमाणाची डोळा नोंद घेतो. केवळ आंकड्याची नाहीं. याचा एक चमत्कारिक परिणाम असा कीं, पडणाऱ्या शंभर भाग उजेडापैकीं केवळ १८ भाग परतविणारा करडा पुठ्ठा आपल्याला पांढऱ्या व काळ्याच्या बरोबर मधोमध वाटतो. यंत्राच्या हिशेबानें तो काळ्याच्या फार जवळ आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. जेम्स फर्ग्युसन यानें १८४३ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें भारतांतील कोरीव लेण्यांवर निबंध वाचला आणि हीं चित्रें नष्ट होण्यापूर्वीं त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह सुरू झाला. ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ मध्यें मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल याची त्या कामावर नेमणूक केली. गिलनें अजिंठ्यासच बिऱ्हाड केलें आणि जवळजवळ वीस वर्षें तैलरंगांत मोठमोठ्या प्रती केल्या. त्या प्रती म्हणजे अंधाराला सरावलेल्या डोळ्यानें, तासन्‌तास पाहून, उजेडाची उणीव मनानें भरून काढून केलेली नोंद होती. त्या लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेल्या असतां १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि बहुतेक सर्व जळून गेल्या.

हाच गिल उत्तम फोटोग्राफरहि होता. त्याचे फोटो व फर्ग्युसनचा मजकूर अशीं पुस्तकें १८६४ सालीं लंडनला प्रसिद्ध झालीं. मात्र या फोटोग्राफीचें खरें बळ दिसतें तें लेण्यांचे दर्शनी भाग, खांब, मूर्ति यांच्या चित्रणांत. भिंतीवरील चित्रांसाठीं मात्र त्याच माणसाला कुंचला हातीं धरावा लागला होता. त्या काळचें फोटोचें रसायन पाहिलें म्हणजे याचा उलगडा होतो.

१८५१ मध्यें निघालेल्या कलोडियन पद्धतींत कांचेवर लेप चढवून, ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी लागे आणि ओली असतांनाच धुवावी लागे. दख्खनच्या कोरड्या हवेंत ती पाहतां पाहतां वाळे. त्यामुळें अंधाऱ्या भिंतीसमोर कॅमेरा तासभर उघडा ठेवण्याची सोय नव्हती. दुसरी अडचण याहून मोठी होती. त्या कांचेला निळा व जांभळा प्रकाश दिसे. पिवळा फारसा दिसत नसे आणि तांबडा तर मुळींच नाहीं. अजिंठ्याचे रंग मात्र मुख्यतः तांबडे आणि पिवळे! गेरूनें रंगविलेला उजळ देह त्या कांचेवर काजळीसारखा उमटणार आणि मागचा लाजवर्दी निळा पांढुरका होणार. चित्रकारानें जो रंग पुढें आणला तो यंत्रानें मागें ढकलावा आणि जो मागें ठेवला तो पुढें ओढावा, असा हा उलटा न्याय होता. यांत यंत्रानें लबाडी केली असें म्हणतां येणार नाहीं. त्याला जो प्रकाश कळत होता त्याची नोंद त्यानें बिनचूक केली असती.

येथें एक गमतीची गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आपला डोळाहि संधिप्रकाशांत कांहींसा असाच वागतो. बोहेमियांतील शरीरशास्त्रज्ञ पुर्किंये यानें १८२५ सालीं हें वर्णन करून ठेवलें आहे. अंगणांत दिवेलागणीच्या वेळीं पाहावें : दिवसा झगमगणारी तांबडी जास्वंद प्रथम काळी पडते आणि दिवसा तिच्यापुढें फिकी वाटणारी निळी गोकर्ण पुष्कळ वेळ दिसत राहते. उजेड ओसरला म्हणजे शंकुपेशी थकतात, दंडपेशी कारभार हातीं घेतात, आणि त्यांना तांबड्याची ओळख नसते. म्हणून लेण्याच्या अगदीं अंधाऱ्या कोपऱ्यांत गेरूचे रंग डोळ्यालाहि काळवंडलेले दिसतात. उलट तेलाच्या दिव्याच्या तांबूस उजेडांत गेरू खुलतो आणि निळा विझतो. तेव्हां ‘चित्राचा खरा रंग कोणता?’ या प्रश्नाला ‘कोणत्या उजेडांत?’ असा प्रतिप्रश्न केल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं.

गिलच्या प्रती जळाल्यानंतर १८७२ मध्यें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतील जॉन ग्रिफिथ्स यानें आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हां कामास आरंभ केला. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकींच एक. १८८५ पर्यंत सुमारें ३०० चित्रें तयार झालीं. योगायोग असा कीं, काम नुकतेंच सुरू झालें होतें तेव्हां, १८७३ सालीं, बर्लिनमध्यें हेर्मान फोगेल याला कळून आलें कीं, फोटोच्या लेपांत विशिष्ट रंग मिसळला तर त्याला हिरव्यापिवळ्याचीहि दृष्टि येते. परंतु तांबड्यासकट सर्व रंग टिपणाऱ्या प्लेटी बाजारांत येण्यास १९०६ साल उजाडावें लागलें. तोंवर मुंबईच्या विद्यार्थ्यांचा डोळा हेंच अजिंठ्याचें सर्वांत विश्वासू यंत्र होतें. त्यांच्या प्रतींवरहि दैव रुसलें. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांत पाठविल्या होत्या. तेथें १८८५ मध्यें आग लागून त्यांतील अनेक नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारें ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ मध्यें निघाले.

याच कामाच्या ओघांत एक गोष्ट अशी घडली कीं जिचा परिणाम पुढें फार दिवस भोगावा लागला. चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून त्यांवर व्हार्निश लावण्यांत आलें. त्यामागील युक्ति आपल्या घरांतहि दिसते. वाळलेली शहाबादी फरशी भुरकट दिसते, पाण्याचा हात फिरवितांच तिचा मूळ रंग उमटतो. खरबरीत पृष्ठभागावरून उजेड चहूंकडे विखुरतो आणि त्या विखुरलेल्या उजेडाचा पांढुरका पडदा रंगावर पसरतो. ओलाव्यानें पृष्ठ सपाट झालें म्हणजे पडदा दूर होतो. व्हार्निशानें तेंच साधलें, पण फरशीवरचें पाणी वाळून जातें आणि व्हार्निश वाळून पिवळें, मग तपकिरी होतें. पुढें निझामाच्या सरकारनें १९२० ते १९२२ या काळांत चेक्कोनी व ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलाविलें. त्यांनीं सुटणारे पापुद्रे भिंतीला चिकटविले, हें त्यांचें उपकारक काम. पण त्यांनीं वापरलेलें लाखेचें रोगणहि कालांतरानें पिवळें पडलें. चित्रें अधिक उजळ दिसावींत म्हणून जें केलें त्यानेंच तीं कांहीं ठिकाणीं अधिक काळोखांत गेलीं. उजेडाची घाई किती महाग पडते याचें याहून बोलकें उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पुन्हां हातानें प्रती करण्याची लाट आली. लेडी हेरिंगहॅम यांनीं १९०९ ते १९११ मधील दोन हिवाळे अजिंठ्यास काढले. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण चित्रकार आणि हैदराबादचे सय्यद अहमद व महंमद फझलुद्दीन त्यांच्या मदतीस होते. त्यांच्या प्रतींचा ग्रंथ १९१५ मध्यें इंडिया सोसायटीनें काढला. जपानी चित्रकारांनींहि प्रती करून नेल्या. त्या १९२३ च्या टोकियोच्या भूकंपांत व आगींत गेल्या. आपल्याकडे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. त्यांनीं अजिंठ्यावर लिहिलेलें पुस्तक १९३२ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालें. कॅमेरा सुधारत चालला असतांहि जाणत्या लोकांना कुंचल्याची गरज वाटत होती, ही गोष्ट केवळ जुन्याच्या प्रेमानें समजावून देतां येत नाहीं.

कॅमेऱ्याची बाजू भक्कमपणें मांडली ती हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तुखात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं. त्यांच्या अजिंठ्यावरील ग्रंथाचे चार भाग १९३०, १९३३, १९४६ व १९५५ या वर्षीं निघाले, आणि यांतील प्रतिकृति फोटोवरून केलेल्या आहेत हें ग्रंथाच्या नांवांतच आवर्जून नमूद केलें आहे. फोटो काढण्यासाठीं ई. एल. व्हॅसी या इंग्रज तज्ज्ञास बोलाविलें होतें. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या प्रतींत युरोपीय चित्रकाराचा हात दिसतो, बंगाली चित्रकारांच्या प्रतींत त्यांच्या स्वतःच्या शैलीची लय शिरते. फोटोनें रेषा जशी आहे तशी, पडलेल्या पापुद्र्यासह आणि भेगेसह दिली. रेषेच्या बाबतींत हा लाभ निःसंशय मोठा होता. परंतु रेषेची साक्ष आणि उजेडाची साक्ष या भिन्न गोष्टी आहेत.

त्या भिन्न कां, हें एका घरगुती उदाहरणावरून स्पष्ट होईल. अंगणांत उन्हांत एक कोळसा ठेवावा आणि माजघरांत एक कोरा कागद. कोळसा शंभरांत चारच भाग उजेड परतवितो, कागद सुमारें ऐंशी. पण अंगणांत १,००,००० लक्स उजेड आहे आणि माजघरांत, समजा, २००. हिशेब केला तर कोळशावरून येणारा उजेड कागदावरून येणाऱ्या उजेडाच्या पंचवीसपट भरतो! तरीहि लहान मूलसुद्धां कोळशाला काळा आणि कागदाला पांढरा म्हणेल. डोळा प्रत्येक वस्तूचा उजेड तिच्या शेजाऱ्यांशीं ताडून पाहतो, वरून पडणाऱ्या प्रकाशाची वजाबाट करतो आणि वस्तूचा गुण तेवढा मनापुढें ठेवतो. कॅमेऱ्यापाशीं हा विवेक नाहीं. दुप्पट उजेड आला कीं तो दुप्पट मोजतो. उजेड अंगणांतला कीं माजघरांतला, हें तो विचारीत नाहीं. डोळा तुलना करतो, कॅमेरा मोजदाद करतो.

यांतून दुसरी अडचण उभी राहते. कॅमेऱ्याला एका फोटोसाठीं उजेडाचें एकच माप धरावें लागतें. दार नीट दिसावें असें माप धरलें तर आंतील भिंत काळीकुट्ट होते. भिंतीचें माप धरलें तर दार जळून पांढरें होतें. डोळा मात्र क्षणांत दाराकडे, क्षणांत भिंतीकडे फिरतो, जेथें जाईल तेथलें माप धरतो आणि साऱ्यांचें मिळून एक चित्र मनांत रचतो. त्यांत भर म्हणजे छापील कागदाची मर्यादा. कागदावरचा पांढरा हा शाईच्या काळ्याच्या फार तर शंभरेक पट उजळ असतो. लेण्याचें दार व मागील भिंत यांत हजार पटींचेंहि अंतर असूं शकतें. हजाराचा व्यवहार शंभरांत बसवावयाचा म्हणजे कांहीं तरी सोडावेंच लागणार. आणि काय सोडावयाचें हें यंत्र ठरवीत नाहीं, माणूस ठरवितो.

आतां मूळ चित्रकाराचा विचार करावा. तो ज्या प्रेक्षकासाठीं चित्र काढीत होता तो भिक्षु किंवा यात्रेकरू बाहेरच्या उन्हांतून आंत येणार, अर्धवट अंधारांत उभा राहणार आणि हळूहळू पाहणार होता. अजिंठ्याच्या चित्रांत नाकाचा शेंडा, ओंठ, हनुवटी यांवर पांढऱ्या रंगाचे लहानसे फटकारे दिलेले दिसतात. देहाचा रंग मध्यम, कडेची रेषा गडद, आणि उंचवट्यावर हा पांढरा कण : एवढ्या तीन पायऱ्यांवर गोलाई उभी केली आहे. अंधुक उजेडांत बारीक रंगभेद लोपतात, पण शेजारशेजारच्या गडद-उजळाचें प्रमाण टिकून राहतें, आणि डोळा तर प्रमाणावरच जगतो. म्हणून मंद प्रकाशांत पद्मपाणीचा चेहरा भिंतींतून पुढें आल्यासारखा वाटतो. त्याच भिंतीवर समोरून प्रखर दिवा टाकला कीं सर्व भाग सारखे उजळतात, गिलाव्याचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो, पांढरा कण आजूबाजूच्या पांढुरक्या डागांत हरवतो आणि चेहरा सपाट होतो. अशा फोटोंत माहिती अधिक असते, दर्शन कमी.

हें ओळखून पुढील काळांत कांहीं छायाचित्रकारांनीं वेगळी वाट धरली. १९९१-९२ च्या सुमारास बिनय बहल यांनीं प्रखर दिवे टाळून अत्यंत मंद प्रकाशांत, दीर्घ काळ कॅमेरा उघडा ठेवून अजिंठ्याचीं चित्रें टिपलीं. त्यांचा ग्रंथ १९९८ मध्यें लंडनला निघाला. डोळा एक दशांश सेकंदाहून अधिक काळचा उजेड सांठवूं शकत नाहीं. कॅमेरा मिनिटांमागून मिनिटें थेंबथेंब सांठवीत राहतो. त्यामुळें प्रत्यक्ष लेण्यांत उभ्या राहिलेल्या माणसाला जे रंग दिसणें कठीण तेहि त्या फोटोंत उमलून आले. त्यांच्या सौंदर्याबद्दल वाद नाहीं. पण हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, त्या तेजस्वी रूपांत हीं चित्रें लेण्यांत उभ्या असलेल्या माणसानें सहसा पाहिलेलीं नाहींत. तें दर्शन मानवी डोळ्याच्या शक्तीपलीकडचें आहे.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यानें हा प्रश्न सुटला असें वाटेल, पण तो केवळ आड गेला आहे. या कॅमेऱ्याचें अंतरंगहि मोजदादच करतें. ती मोजदाद जशीच्या तशी पडद्यावर मांडली तर चित्र डोळ्याला विलक्षण काळें वाटतें. म्हणून यंत्रांतील गणित मधले अंधारे भाग उचलून धरतें, डोळ्याच्या रीतीची नक्कल करतें आणि मगच फोटो आपल्या हातीं देतें. खिशांतला फोन तर एका दमांत कमी-अधिक उजेडाचे अनेक फोटो घेऊन त्यांचा एकच फोटो बनवितो. सावली किती उचलावी, पिवळेपणा किती काढावा, निळा किती खुलवावा, हें कोणा अभियंत्यानें आगाऊ ठरवून ठेवलेलें असतें. गिलचा कुंचला जें उघडपणें करी तेंच हें गणित गुपचूप करतें. प्रतिकार नाहींसा झालेला नाहीं. तो पडद्याआड जाऊन बसला आहे.

या साऱ्यांत खरी जोखीम कोणाची, हें आतां सांगितलें पाहिजे. पुस्तकांतील व पडद्यावरील झगझगीत अजिंठा पाहून आलेला प्रवासी लेण्यांत शिरतो, दोन मिनिटें पाहतो आणि ‘यांत कांहींच दिसत नाहीं’ म्हणून हिरमुसतो. त्याची मागणी साहजिकच अधिक दिव्यांची. पण भिंत ही डोळ्यासारखी नसून कॅमेऱ्याच्या प्लेटीसारखी आहे. तिच्यावर पडलेला उजेड जमा होत जातो. थोडा उजेड फार वेळ पडला काय किंवा फार उजेड थोडा वेळ पडला काय, जमाखर्चांत सारखेंच. गेरू, लाजवर्द हे खनिज रंग उजेडाला बरेच दाद देत नाहींत, हें खरें; परंतु रंग बांधून ठेवणारीं द्रव्यें आणि वर बसलेलीं जुनीं रोगणें यांना तें संरक्षण नाहीं. दिव्याबरोबर उष्णता येते, आणि गर्दीबरोबर श्वासाचा ओलावा. मातीच्या गिलाव्याला हीं दोन्ही वैरी. म्हणूनच जगभरचीं संग्रहालयें जलरंगांतील चित्रें व जुनीं वस्त्रें यांवर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात, आणि म्हणूनच अजिंठ्यास फोटोसाठीं झोताचा दिवा उडविण्यास मनाई आहे. ५० लक्स म्हणजे दुपारच्या उन्हाचा दोन हजारावा भाग. सरावलेल्या डोळ्याला तो पुष्कळ होतो, न सरावलेल्याला अंधार वाटतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अभ्यासकांसाठीं : अजिंठ्याचा कोणताहि फोटो पुरावा म्हणून पुढें करतांना तो कोणत्या उजेडांत, किती वेळ देऊन आणि मागाहून काय फेरफार करून सिद्ध झाला, हें त्याबरोबर सांगण्याचा प्रघात पाडला पाहिजे. दुसऱ्या काळच्या, दुसऱ्या प्रकृतीच्या साक्षी त्याच्या शेजारीं ठेवल्या पाहिजेत. गिल व ग्रिफिथ्स यांच्या वांचलेल्या प्रती म्हणूनच आजहि मोलाच्या; ज्या भिंतीवरचा गिलावा नंतर गळाला त्या भिंतीबद्दल त्या काळच्या डोळ्यानें सांगितलेली हकीकत त्यांत आहे. कॅमेऱ्याची मोजदाद आणि डोळ्याची तुलना एकमेकींना तपासतील तेव्हां सत्याच्या थोडें जवळ जातां येईल.

दुसरी गोष्ट सर्वसामान्य कुटुंबांसाठीं आहे. १९८३ पासून जागतिक वारशांत गणलीं गेलेलीं हीं लेणीं पाहण्यास आपण मुलांबाळांसह जातों, आणि एका दिवसांत सगळीं लेणीं उरकण्याच्या घाईंत प्रत्येकांत पांच मिनिटेंहि थांबत नाहीं. पांच मिनिटांत तर शंकुपेशीसुद्धां सरावत नाहींत. त्यापेक्षां दोन लेणीं कमी पाहावींत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत शिरल्यावर दाराकडे पाठ करून, फोन खिशांत ठेवून, पंधरावीस मिनिटें स्वस्थ उभें राहावें. भिंतीला त्यासाठीं एकहि दिवा अधिक लागत नाहीं. दीड हजार वर्षांपूर्वींचा चित्रकार जो उजेड गृहीत धरून काम करीत होता, तो आजहि त्याच दारांतून, कोणाला कांहीं खर्च न पाडतां, आंत येतो. त्या उजेडांत चित्र दिसण्यास जो थोडा वेळ लागतो तेवढा आपण देऊं शकलों, तर चित्रांचें आयुष्यहि थोडें वाढेल.